नव्या ट्रॅकरवर अण्णा

१

अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि सोमवारी सकाळी त्यांनी एका तक्रारीखाली दोन शब्द लिहिले: "अजून आहे."

चाळणीने ते वाचलं तेव्हा ती पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरमागे बसली होती. शटर अर्धंच वर गेलं होतं, पहिला पेशंट यायचा होता आणि नळ्यांवर चिकटवायची लेबलं तिच्या पुढ्यात पडली होती. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. शब्द तेच. नावही तेच. छातीत धस्स झालं, आणि खरं सांगायचं तर त्या धस्स होण्यात थोडा आनंदही होता. तो तिने लगेच दाबून टाकला.

आधी 'वाचक'विषयी सांगायला हवं. ज्यांना दिसत नाही त्यांना स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम. तो ओपन सोर्स होता, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना खुला. ज्याला येतं त्याने आत हात घालावा, बिघडलेलं दुरुस्त करावं. अण्णांनी तो एकट्याने सुरू केला, मग हळूहळू चार टाळकी जमली. काय बिघडलंय ते लोक जिथे लिहून कळवतात तो इश्यू ट्रॅकर, आणि तिथे जे टोपणनाव घेतलं तेच माणसाला जन्मभर चिकटायचं. हिच्याकडे आलेल्या तक्रारी चाळायचं काम, कुठली खरी, कुठली शिळी, कुठली नुसतीच कुरकुर. म्हणून ही चाळणी. लॅबमधल्या बाई तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारत तेव्हा ती कधी कधी ओ द्यायची विसरत असे.

जुना ट्रॅकर अण्णांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालायचा. तो कॉम्प्युटर कधी मान टाकेल याचा नेम नव्हता, म्हणून गेल्या आठवड्यात सगळं बिऱ्हाड एका भाड्याच्या, नव्या ट्रॅकरवर हलवलं. बिऱ्हाड हलवलं की माळा साफ होतोच. इथेही ठरलं की ज्या तक्रारीवर सहा महिने कुणी चकार शब्द काढला नाही, ती मेली असं समजून मिटवायची. रोज सकाळी थोड्या थोड्या, आपोआप. या आपोआप फिरणाऱ्या कारभाराला सगळे झाडू म्हणत.

झाडूने मिटवलेल्या अशाच एका तक्रारीखाली अण्णांनी लिहिलं होतं, आणि प्रकल्पाच्या मालकाचा शब्द पडताच ट्रॅकरने ती तक्रार पुन्हा उघडली होती. 'वाचक' फोन नंबर वाचताना मधलं शून्य खातो, अशी ती तक्रार. चाळणीने लॅबच्या कॉम्प्युटरवर एक नंबर लिहून ऐकला. शून्य खरंच खाल्लं.

सामान हलवताना अण्णांचा एखादा जुना शेरा नव्या तारखेने उतरला असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. मग तिने तक्रार कधी आली ते पाहिलं.

ती उन्हाळ्यात आली होती. अण्णा त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते.

२

"याला भूतबित म्हणू नका," सर म्हणाले. "याला चोरी म्हणतात."

सर कॉलेजात गणित शिकवत आणि अण्णांच्या मागे प्रकल्पाची धुरा त्यांच्या गळ्यात पडली होती. दुपारच्या सुट्टीत तिघं कॉलवर जमले होते. सर, चाळणी, आणि सगळ्या तक्रारी जुन्या ट्रॅकरवरून नव्यावर वाहून नेणारी स्क्रिप्ट ज्याने लिहिली तो हमाल. हमाल एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात कामाला होता. मी फक्त ओझं वाहतो, असं तो म्हणायचा, आणि ते म्हणताना ओझं किती जड होतं हे सांगायला विसरायचा नाही.

"माझी स्क्रिप्ट नवीन वाक्यं तयार करत नाही," तो म्हणाला. "जे होतं तेच उतरवते. एव्हाना आणखी एक शेरा आलाय, बघितलात का?"

त्यांनी बघितला. दुसरी तक्रार, तेच दोन शब्द. अण्णा हयातभर असंच लिहीत. कुणी मोठ्या दिमाखात दुरुस्ती पाठवावी आणि दुसऱ्या दिवशी अण्णांचं उत्तर यावं: अजून आहे. त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची जिरवली होती, आणि ते कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"नवी आवृत्ती प्रसिद्ध करायच्या किल्ल्या त्या अकाउंटकडे होत्या, त्या मी आत्ताच काढून घेतल्या," सर म्हणाले. "पण खरी किल्ली नाव आहे. उद्या अण्णांच्या नावाने कुणी लिहिलं की ही फाईल उतरवून घ्या, तर काय होईल? ज्यांना दिसत नाही अशी हजारो माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतील."

आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते जरा थांबले.

"रविवारी नवी आवृत्ती काढायची आहे," ते पुढे म्हणाले. "तोपर्यंत छडा लागला नाही तर अकाउंट पुसून टाकायचं. मलाही आवडत नाहीये."

"पुसलं की काय होतं?" चाळणीने विचारलं.

उत्तर हमालाने दिलं. "लिहिलेलं राहतं, नाव जातं. पुसलेल्या सगळ्या माणसांना नव्या ट्रॅकरच्या कंपनीने मिळून एकच नाव ठेवलंय. अण्णांनी इतक्या वर्षांत लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे 'भूत' असं दिसेल."

चाळणी दुसरी वाट शोधू लागली.

"पुसण्याऐवजी गोठवता येत नाही का?"

"येतं. पण घरच्यांनी अण्णांच्या ईमेलवरून कळवायचं की हा माणूस गेला. मग नाव तसंच राहतं आणि अकाउंट बंद होतं. आता ते ईमेलच कुणाच्या हातात असेल तर काय कळवणार?"

चाळणीला सगळं अण्णांनी शिकवलं होतं. तक्रार लिहिणाऱ्यावर कधी वैतागायचं नाही, त्याच्या जागी बसून ऐकायचं, हेसुद्धा. त्या माणसाचं नाव सगळ्या कामावरून खरवडून निघणार होतं.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

"घ्या. पण मी अण्णांच्या अकाउंटचा पासवर्ड आत्ताच बदलतोय," सर म्हणाले. "आता लिहून दाखवू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी लिहिलं.

३

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. चाळणी मात्र पहिल्यांदाच जरा सावरली. दाराला नवं कुलूप घातलं आणि तरी कुणी आत बोललं, तर एक तर ते भूत असतं, नाही तर त्याला दाराची गरज नसते. भुताची शक्यता तिने मागे ठेवली. फार मागे नाही.

संध्याकाळी ती हॉस्पिटलच्या तळघरात हमालाकडे गेली. खोलीत थंड हवा सोडलेली, कपाटाएवढी यंत्रं सतत घोंघावत होती. हमाल स्वेटर घालून बसला होता.

"आत शिरायची दुसरी वाट आहे का?" तिने विचारलं. "पासवर्डशिवाय?"

"नाही," तो म्हणाला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आहे. नवा ट्रॅकर प्रत्येक घडामोडीचा ईमेल पाठवतो. त्या ईमेलला नुसतं उत्तर दिलं तरी ते तक्रारीखाली शेरा म्हणून उमटतं. जुन्या ट्रॅकरला ही सोय नव्हती, म्हणून डोक्यातच आलं नाही."

"आणि अण्णांना ईमेल जातात?"

हमालाने नजर चुकवली. "कोण कुठल्या तक्रारीवर लक्ष ठेवून होतं, ते मी सगळं जसंच्या तसं उतरवलं. अण्णा मालक, म्हणजे सगळ्याच तक्रारींचे ईमेल त्यांना. यादीतून त्यांचं नाव काढायला हवं होतं. हात धजला नाही."

हात धजला नाही, हे तिला बरोबर समजलं. तिच्या फोनमध्ये अण्णांचा नंबर अजून होता.

अण्णांचं ईमेल कुठल्या कंपनीकडे नव्हतं. त्यांनी ते आपल्याच घरच्या कॉम्प्युटरवर थाटलं होतं, जुन्या ट्रॅकरच्या शेजारी. त्या घरात आता अण्णांच्या पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, एकट्या होत्या, आणि त्यांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सामान हलवण्यासाठी तिथे जाऊन त्या कॉम्प्युटरला आपला लॅपटॉप जोडून बसलेला माणूस एकच.

सरांनीही हा हिशोब केला होता. ती हॉस्पिटलच्या पायऱ्या चढत असतानाच त्यांचा फोन आला.

"हमालच आहे," ते म्हणाले. "झाडूला त्याचा पहिल्यापासून विरोध होता. न मिटलेलं मिटलं म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, असं मला तोंडावर म्हणाला होता. घरी गेला तेव्हा ईमेलचा पासवर्ड उचलला असणार. चाळणी, पाणी इथेच मुरतंय."

४

चाळणीने जे तिला येत होतं तेच केलं. तिने चाळलं.

झाडूने आतापर्यंत मिटवलेल्या सगळ्या तक्रारी तिने एकीकडे घेतल्या आणि अण्णांनी उघडलेल्या दुसरीकडे. बुधवारी लॅबमध्ये गर्दी होती. एकेक नळी लेबल लावून बाजूला ठेवता ठेवता तिचं डोकं त्या दोन ढिगांत फिरत होतं. अण्णा उघडत होते त्या तक्रारींमध्ये काहीतरी सारखं होतं आणि ते तिला सापडत नव्हतं.

दुपारी डबा खाताना सापडलं.

'वाचक' वापरणाऱ्यांत अंधुक दिसणारी माणसंही पुष्कळ. त्यांच्या तक्रारी रंगांच्या, अक्षरांच्या आकाराच्या, बटणाभोवतीच्या चौकटीच्या. झाडूने त्याही ढिगाने मिटवल्या होत्या. त्यातल्या एकीलाही अण्णांनी हात लावला नव्हता. ते उत्तर देत होते ते आकडे चुकीचे वाचण्याला, स्वल्पविरामाशी न थांबण्याला, दोन शब्द एका दमात म्हणण्याला. जे कानाला कळतं तेवढंच.

आणि बटणाभोवतीची पिवळी चौकट पुसट दिसते, ही तक्रार खुद्द हमालाची होती. पोटच्या पोरासारखी जपलेली. झाडूने ती मंगळवारी मिटवली, आणि भुताने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. हमाल भूत असता तर त्याने सगळ्यात आधी स्वतःची तक्रार जिवंत केली असती.

तिने सरांना हे सांगितलं. "मग तुमच्यावर संशय घ्यायचा का?" तिने विचारलंही.

"मी झाडलेला कचरा मीच पुन्हा घरात कशाला आणू?" सर दुखावून म्हणाले. यात तथ्य होतं.

गुरुवारी अण्णांनी आणखी एक तक्रार उघडली. शंभर रुपयांपुढची रक्कम 'वाचक' उलटी वाचतो, असली मोठी काही नव्हती. साधीच होती, इंग्रजी महिन्यांची लघुरूपं तो अक्षर अक्षर सुटं करून वाचतो. चाळणीने सवयीने लॅबच्या कॉम्प्युटरवर ऐकून पाहिलं. 'वाचक'ने महिना नीट, अख्खा म्हटला. तिने पुन्हा ऐकलं. पुन्हा नीट. ही चूक वसंतात कुणीतरी दुरुस्त केली होती आणि तक्रार मिटवायची तेवढी राहून गेली होती.

अजून आहे, असं अण्णांनी लिहिलं होतं आणि ते नव्हतं. भूत चुकलं होतं.

तिने हातातली नळी बाजूला ठेवली. चुकलं नसेल तर? त्याच्या कानांना ती चूक खरोखरच ऐकू येत असेल तर? म्हणजे त्याच्याकडचा 'वाचक' वसंताच्या आधीचा. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तो आपोआप नवा होत असतो. तसा तो होणार नाही असा कॉम्प्युटर तिला एकच माहीत होता. अण्णा स्वतःच्या यंत्रावर प्रत्येक आवृत्ती स्वतःच्या हाताने चढवत. तिथे त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यानंतर कुणी काही चढवलं नसणार.

पासवर्ड चोरून कुणी लांबून लिहीत नव्हतं. कुणीतरी अण्णांच्याच खुर्चीत बसून ऐकत होतं.

५

शनिवारी दुपारी तिने बेल वाजवली. आकाश भरून आलेलं नव्हतं की वारा नव्हता, जिन्यात चांगलं लख्ख ऊन होतं. वहिनींनी दार उघडलं आणि तिच्याकडे बघत विचारलं, "कोण?"

"मी, वहिनी. चाळणी."

"अगं बाई, तू होय. ये, ये."

दोघी अगदी समोरासमोर उभ्या होत्या. वर्षभरात आपण इतके बदललो का, असं चाळणीला वाटून गेलं.

घर नीटनेटकं होतं, इतकं की कुठली खुर्ची इंचभरही हलली नसेल. पडदे ओढलेले होते, दिवा लावलेला नव्हता. वहिनी त्या अंधारातून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पाणी घेऊन आल्या. ग्लास भरताना त्यांनी एक बोट आतल्या बाजूने काठाला लावलं होतं. चाळणीने ते पाहिलं, आणि तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

"ते नवं बिऱ्हाड लागलं का तुमचं?" वहिनींनी विचारलं.

"लागतंय. वहिनी, अण्णांच्या खोलीत कुणी येतं का?"

"कोण येणार? दीर येतात महिन्या-दोन महिन्यांनी, ते पण दारातूनच बघतात आणि डोळ्यांत पाणी आणतात. एकटी कशाला राहतेस, चल आमच्याकडे, हे ठरलेलं. चांगले आहेत हो ते. पण तिथे मी पाहुणीच ना."

"कॉम्प्युटर चालू असतो?"

"ते म्हणाले होते बंद करू नकोस, म्हणून नाही केला. मला काय कळतंय त्यातलं."

चाळणीने खोली बघू का म्हणून विचारलं. वहिनी किंचित थांबल्या, मग म्हणाल्या, बघ की.

खोलीत यंत्राचा पंखा घुरघुरत होता. अण्णांची खुर्ची, खुर्चीवरची उशी, भिंतीवर टांगलेलं शिवणाच्या क्लासचं एक जुनं प्रमाणपत्र, आणि टेबल. स्क्रीनवर धुळीचा थर असा होता की बोटाने नाव लिहिता आलं असतं. त्या स्क्रीनकडे महिनोन्महिने कुणी बघितलेलं नव्हतं, हे कुणीही शपथेवर सांगितलं असतं.

पण कीबोर्ड लख्ख होता.

खिळ्याला हेडफोन लटकत होते. तिने ते हातात घेतले. कानाच्या गाद्या अजून कोमट होत्या. तिने खाली वाकून पाहिलं. स्क्रीनची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये नव्हतीच. ती गुंडाळून, गाठ मारून बाजूला ठेवलेली होती.

क्षणभर तिने सगळा तर्क सोडून दिला. ती अगदी हळू म्हणाली, "अण्णा?"

"ते नाहीत ग," मागून दारातून वहिनी म्हणाल्या. "मी पण असंच करायचे आधी."

६

चाळणी वळली. वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या जिथून आवाज आला होता तिकडे, तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होत्या. मग ते काठावरचं बोट, न हललेल्या खुर्च्या, न लावलेला दिवा हे सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

"कोण म्हणतं दिसत नाही?"

"जो लिहितोय तो फक्त ऐकू येणाऱ्या चुका पकडतो. त्याच्या 'वाचक'ची आवृत्ती गेल्या हिवाळ्यातली आहे. त्याला स्क्रीन लागत नाही. आणि त्याला जे विचारलं जातं त्यालाच तो उत्तर देतो, स्वतःहून काही शोधत फिरत नाही. चोर असं वागत नाही. घरातलं माणूस वागतं."

वहिनी चाचपडल्या नाहीत. सरळ आल्या, खुर्चीत बसल्या, आणि त्यांची बोटं आपसूक कीबोर्डवर गेली.

"लग्नानंतर दोनेक वर्षांत कमी व्हायला लागलं," त्या म्हणाल्या. "हळूहळू. सुईत दोरा ओवेना तेव्हा क्लास सोडला, म्हटलं पाठ दुखते. त्यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. त्यांना शपथ घातली होती. मग एक दिवस ते म्हणाले, तुला वर्तमानपत्र वाचून दाखवणारं काहीतरी करतो."

चाळणी उभीच राहिली. 'वाचक' कुणासाठी सुरू झाला, हे अण्णांना मुलाखतींत विचारत तेव्हा ते हसून विषय बदलत असत.

"आणि ते दोन शब्द?" तिने विचारलं. "अण्णांचे शब्द कुणी इतके हुबेहूब..."

"त्यांचे कसले? माझे." वहिनींच्या आवाजात पहिल्यांदा जरा तोरा आला. "त्यांना दिसत होतं, त्यांना ऐकायची सवय कुठून असणार? तुमच्यातलं कुणी दुरुस्ती पाठवली की ते विचारायचे, ऐक ग, गेलं का? मी ऐकायचे आणि सांगायचे. ते तेवढं टाइप करायचे. मग मलाही शिकवलं टाइप करायला. मी शिवणाच्या मशीनवर बसणारी, बोटांना जागा कळते."

म्हणजे इतकी वर्षं ज्या दोन शब्दांना सगळे वचकून होते, ते स्वयंपाकघरातून ऐकून बोलले जात होते. चाळणीला हसू आलं आणि रडूही.

"मग आत्ताच का लिहायला लागलात? वर्षभर काही नाही..."

"वर्षभर कुणी विचारलंच नाही. हे यंत्र गप्प होतं. मी रोज येऊन बसायचे, ऐकायचे, काही येत नव्हतं. आणि सोमवारी अचानक ईमेल आला. 'अण्णा, ही तक्रार आम्ही मिटवत आहोत. काही म्हणायचं असल्यास या ईमेलला उत्तर द्या.'" त्यांनी हात मांडीवर घेतले. "मला वाटलं विचारतायत. म्हणून सांगितलं. चुकलं का माझं?"

चाळणीने खाली बसून त्यांचे हात धरले. नाही म्हणणं सोपं होतं, पण तिला सगळं सांगणं भाग होतं. तिने सांगितलं: सर उद्या अकाउंट पुसणार, अण्णांच्या सगळ्या ओळींपुढे भूत असं दिसणार. ते थांबवायचं तर अकाउंट गोठवावं लागेल, आणि त्यासाठी या कॉम्प्युटरवरून वहिनींनी स्वतः कळवायला हवं की ते गेले.

"आणि गोठवल्यावर ईमेल?"

"बंद होतील, वहिनी. अण्णांना कुणी काही विचारणार नाही."

वहिनींनी कीबोर्डवरून एकदा हात फिरवला.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

७

रविवारी चाळणी गेली तेव्हा वहिनींनी आपणहून दिवा लावून ठेवला होता. तुला लागेल म्हणून, असं म्हणाल्या.

सरांना आणि हमालाला चाळणीने आदल्या संध्याकाळीच सांगितलं होतं, वहिनींना विचारून. हमाल फोनवर रडला. सर म्हणाले की त्यांनी झाडू थांबवला आहे आणि कंपनीच्या माणसाशी बोलून ठेवलं आहे. ईमेल आला की तासाभरात काम होईल.

आधी चाळणीने त्या कॉम्प्युटरवर नवा 'वाचक' चढवला. मग वहिनींनी एकटीने ईमेल लिहिला. तिने मदत देऊ केली तर नको म्हणाल्या. फार मोठा नव्हता. माझे पती गेल्या हिवाळ्यात वारले, एवढंच वाक्य होतं, आणि खाली त्यांचं नातं. पाठवल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि पदराने डोळे पुसले. दिसत नसलं तरी डोळे त्याच कामाला येतात.

अण्णांचं नाव पुसलं जायचं वाचलं. चाळणीला आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

मग त्यांनी नवं अकाउंट उघडलं. नाव काय घ्यायचं यावर फार खल झाला नाही. सगळे वहिनीच म्हणत आले होते. तुम्हाला दिसत नाही हे दिरांना कळेल, असं चाळणीने सुचवून पाहिलं. "कळू दे," वहिनी म्हणाल्या. "ऐकवून दाखवीन त्यांना."

"आता तुम्हाला ईमेल येतील," चाळणी म्हणाली. "झाडूने मिटवलेल्या सगळ्या आम्ही पुन्हा तपासणार आहोत. तुमच्याकडूनच."

"एक मात्र कधीच येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "ती झाडूने नाही मिटवलेली. त्यांनी मिटवली."

"कुठली?" चाळणीने विचारलं.

"जुन्या, संथ यंत्रांवर हा मजकुराचा अगदी शेवटचा शब्द गिळतो बघ. तुमच्या सगळ्यांची यंत्रं नवी, तुम्हाला कधी ऐकू आलं नाही. ज्यांच्याकडे असली खटारा यंत्रं आहेत त्यांना रोज. ते किती वर्षं त्याच्या मागे होते. शेवटी शेवटी पलंग याच खोलीत आणला होता. झोप नाही, वेदना चालूच, आणि तरी लिहीत होते. एका सकाळी म्हणाले, झालं, आता ऐक. मी ऐकलं." वहिनींचा आवाज स्थिर होता. "तो तसाच गिळत होता. आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, गेलं. ते म्हणाले, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग त्यांनी स्वतःच्या हाताने ती मिटवली आणि दोन दिवस शांत झोपले. परत उठले नाहीत."

ती तक्रार चाळणीला पाठ होती. वर्षभर लोक कळवत होते, शेवटचा शब्द ऐकू येत नाही, औषधाच्या सूचनेतला, निरोपातला. ती प्रत्येकाला एकच उत्तर पाठवत होती: हे अण्णांनी मिटवलं आहे. तुमच्याकडेच काही गडबड असेल. अण्णांनी मिटवलेली तक्रार उघडायची नाही, असा नियम कुणी केला नव्हता. सगळे पाळत होते. माणसाच्या जागी बसून ऐकायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं आणि तिने त्यांच्याच मानापायी ते केलं नव्हतं. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"मी पण परत पाठवत होते, वहिनी," ती म्हणाली. "सगळ्यांना."

"तुला माझ्यामुळे पाठवावं लागलं. काढ ती."

चाळणीने तक्रार काढून दिली. वहिनींनी हेडफोनची वायर उपटली, म्हणजे दोघींना ऐकू यावं, आणि कीबोर्डवर बोटं ठेवली. स्वतःच्या नावाने त्या पहिल्यांदाच काही लिहीत होत्या. मधे एकदा थांबल्या, एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. मग पाठवण्याआधी एकदा ऐकून घ्यावं म्हणून त्यांनी 'वाचक'ला वाचायला सांगितलं.

यंत्र आपल्या सपाट, सावकाश आवाजात वाचू लागलं. "ही तक्रार मिटलेली नाही. त्यात त्यांची चूक नाही. त्यांना झोप लागावी म्हणून मी खोटं"

आणि गप्प झालं. दोघी वाट बघत होत्या, पण पुढे काही आलं नाही.

"बोलले," वहिनींनी वाक्य पुरं केलं, आणि पाठवायचं बटण दाबलं.